मिजास म्हणजे नेमकं काय?

‘मिजास’ हा शब्द सहसा कुणी शांतपणे उच्चारत नाही. ‘काय मिजास आहे बघा!’, ‘इथे कुणाची मिजास खपवून घेणार नाही’, ‘उतरली ना सगळी मिजास?’ अशा वाक्यांत तो भेटतो, आणि बोलणाऱ्याचा आवाज बहुतेक वेळा थोडा चढलेला असतो. अर्थ विचारला तर लोक चटकन गर्व, घमेंड, अहंकार, मग्रुरी असे शब्द पुढे करतात. पण हे शब्द एकमेकांच्या जागी ठेवून पाहिले की गडबड कळते. ‘साधकाला सूक्ष्म अहंकार नडतो’ हे वाक्य नीट बसतं. ‘साधकाला सूक्ष्म मिजास नडते’ म्हटलं तर हसू येतं. मिजास सूक्ष्म नसतेच. ती असते तेव्हा समोरच्याला दिसते, आणि बऱ्याचदा सोसावीही लागते.

एक उदाहरण घेऊ. परीक्षेत पहिला आलेला एक मुलगा आहे. ‘माझ्यासारखा हुशार मीच’ असं त्याला मनातून वाटू लागलं, तर तो गर्व. तेच तो दिसेल त्याला सांगत सुटला, तर ती बढाई. कुणी बोलायला आलं तरी मान वळेना, चेहरा हलेना, तर तो ताठा. बक्षीस छातीशी धरून मुद्दाम सगळ्यांसमोरून दोनदा चक्कर मारली, तर तो तोरा. शिक्षकांनाही जुमानेनासा झाला, तर तो माज. आणि मित्राने वही मागितल्यावर ‘आत्ता माझा मूड नाही, संध्याकाळी ये, मग बघू’ असं म्हणाला, तर ती मिजास.

या शेवटच्या वाक्यात नेमकं काय घडलं? मुलाने स्वतःची स्तुती केली नाही, मित्राचा अपमानही केला नाही. त्याने फक्त एवढंच गृहीत धरलं की माझी लहर ही तुझी अडचण आहे. तू तिच्याप्रमाणे थांबायचंस, यायचंस, जायचंस. दुसऱ्यांनी आपली मर्जी राखावी ही अपेक्षा वागण्यातून उघड दाखवणं, हा मिजासीचा गाभा आहे. म्हणून तिला दुसरा माणूस लागतोच. निर्जन बेटावर एकट्या माणसाला अहंकार असू शकेल. मिजास मात्र तो कुणाला दाखवणार?

हा अर्थ कुठून आला ते पाहिलं की तो डोक्यात पक्का बसतो.

मिजास मुळात अरबी. ‘मिज़ाज’ म्हणजे मिश्रण. मिसळणं या अर्थाच्या धातूपासून तो बनला आहे. हा शब्द वैद्यकात रुजला तो ग्रीक कल्पनेच्या आधारावर. माणसाच्या शरीरात चार द्रव असतात, त्यांच्या मिश्रणाच्या प्रमाणावर तब्येत आणि स्वभाव ठरतो, अशी ती कल्पना. दुसऱ्या शतकातल्या गेलेन या वैद्याने तिला पक्की मांडणी दिली, अरबी वैद्यांनी ती उचलली, आणि इब्न सीना (980 ते 1037) याच्या ग्रंथात मिज़ाज हा वैद्यकाचा एक पायाच होऊन बसला. युनानी वैद्यकात हे द्रव दम (रक्त), बलगम (कफ), सफरा (पिवळं पित्त) आणि सौदा (काळं पित्त) या नावांनी ओळखले जातात. उष्ण आणि थंड, कोरडं आणि ओलं या गुणांचा माणसात जो मेळ बसतो तो त्याचा मिज़ाज. इंग्रजीतल्या ‘टेम्परामेंट’चीही गोष्ट हीच आहे, तोही लॅटिनमधल्या मिसळणं, प्रमाणात आणणं या अर्थाच्या क्रियापदावरून आला. आपण ‘प्रकृती’ म्हणतो तेव्हा तब्येतही म्हणतो आणि स्वभावही म्हणतो, आणि रागावलेल्या माणसाचं अजूनही ‘पित्त खवळतं’. शरीरातल्या द्रवांवरून स्वभाव सांगायची खोड कुणा एका संस्कृतीची नाही.

अरबीतून हा शब्द फारसीत गेला आणि फारसीबरोबर भारतात आला. दख्खनमध्ये 1347 साली बहमनी सत्ता उभी राहिली, पुढे तिची शकलं झाली, आणि एवढ्या साऱ्या काळात दरबाराची मोठी भाषा फारसी होती. दरबारी रीतीत मोठ्या माणसाला थेट ‘कसे आहात?’ विचारत नसत, त्याचा मिज़ाज विचारत. उर्दूत ‘मिज़ाज कैसे हैं?’ हा अदबीचा प्रश्न आजही आहे, आणि आजाऱ्याच्या समाचाराला जाणं म्हणजे ‘मिज़ाजपुर्सी’.

इथे अर्थाने वळण घेतलं असावं, असं मला वाटतं. मिज़ाज सगळ्यांनाच असतो, पण विचारला जातो तो थोड्यांचाच. सरदाराचा मिज़ाज आज कसा आहे यावर दहा जणांचा दिवस ठरतो. हुजऱ्याच्या मिज़ाजाशी कुणाला देणंघेणं नसतं. म्हणजे ‘ज्याच्या मनःस्थितीची दखल बाकीच्यांनी घ्यायची असते तो’ हीच मोठेपणाची खूण झाली. मग ती खूण नसलेल्यांनीही लावून पाहिली. उर्दूतही मिज़ाजला नखरा आणि घमेंड हे अर्थ चिकटलेले आहेत. ‘मिज़ाजदार’ म्हणजे तोऱ्यात राहणारा. पण उर्दूने मूळचा तब्येत-स्वभाव हा अर्थही जवळ ठेवला. आजच्या मराठीने तो जवळजवळ सोडून दिला आणि उर्मटपणाकडे झुकलेला तेवढा ठेवून घेतला.

जवळजवळ म्हणायचं कारण असं की एका वाक्प्रयोगात जुना अर्थ अजून शिल्लक दिसतो. ‘त्याची मिजास सांभाळता सांभाळता नाकी नऊ आले’ असं आपण म्हणतो तेव्हा मिजास म्हणजे मर्जी, लहर, मूड. तिथे ‘गर्व’ घालून पाहा. गर्व कुणी दुसऱ्याचा सांभाळत नाही.

शेवटच्या ज चा मराठीत स झाला, हेही पुढे कामी आलं. हल्ली हिंदीतून ‘मिजाज’ हा शब्द पुन्हा नव्याने मराठीत शिरतोय. ‘आज हवेचा मिजाज काही वेगळाच आहे’, ‘रंगीन मिजाजाचा माणूस’ अशी वाक्यं छापून येतात. एकच शब्द दोन वेळा, दोन वाटांनी आला आणि दोन वेगळी कामं करू लागला: ज वाला मनःस्थितीसाठी, स वाला उद्दामपणासाठी. ‘हवेची मिजास’ असं कुणी लिहिलं तर वाचणाऱ्याला तो विनोद वाटेल.

आता शेजारचे शब्द. मराठीत या बाबतीत कमालीची श्रीमंती आहे, आणि त्यातली निम्मी तरी फारसी-अरबीची देणगी आहे. शिवाजी महाराजांनी राज्यकारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला. पदांची आणि खात्यांची नावं अशी ठरवून बदलता येतात. भांडणात तोंडून निघणारे शब्द मात्र कुणाच्या आज्ञेने बदलत नाहीत, म्हणून मिजास, मग्रुरी, शेखी, मस्ती ही मंडळी राहिली.

यात सगळ्यात दणकट शब्द ‘माज’. संस्कृत ‘मद्’ धातूच्या ‘माद्यति’ या रूपावरून मराठीत ‘माजणे’ आलं. मद म्हणजे धुंदी. हत्तीला मद येतो तेव्हा त्याच्या डोळा आणि कान यांच्या मधल्या ग्रंथीतून स्राव गळतो, शरीरातलं टेस्टोस्टेरॉन अनेक पटींनी वाढतं आणि एरवी शांत असलेलं जनावर माहुतालाही जुमानत नाही. गोठ्यात तर ‘माज’ हा शब्द आजही कुठल्याही निंदेशिवाय वापरतात. गाय माजावर येते, साधारण 21 दिवसांनी तो माज पुन्हा येतो, आणि बाहेरून लक्षणं दिसत नसतील तर त्याला मुका माज म्हणतात. तिथे तो निव्वळ शारीरिक अवस्थेचं नाव आहे. शेतात तण माजतं, गावात गोंधळ माजतो, देशात अनागोंदी माजते. या सगळ्यांत समान काय, तर आवरण्यापलीकडची वाढ. माणसाचा माजही असाच, काहीतरी गरजेपेक्षा जास्त झाल्यावर येणारा: पैसा, सत्ता, ताकद. म्हणून ‘पैशाचा माज’ आणि ‘सत्तेचा माज’ हे जोड एकदम बसतात. ‘गरिबीचा माज’ म्हटलं की कान टवकारतात, कारण तिथे शब्द मुद्दाम उलटा वापरलेला असतो.

माज आणि मिजास यांच्यातला फरक यातून दिसतो. माजात बेभानपणा आहे, समोर कोण आहे याचं भान सुटलेलं आहे. मिजासीत ते भान शाबूत असतं. मिजासखोर माणसाला समोरचा नीट दिसतो, किंबहुना समोरच्याला आपली पायरी दाखवण्यातच त्याला रस असतो. म्हणून वरिष्ठापुढे तोच माणूस मऊ होऊ शकतो. माजलेला तिथेही धडकतो.

माजाचाच फारसीकडचा भाऊ म्हणजे ‘मस्ती’. भाऊ हा शब्द इथे जवळपास शब्दशः खरा आहे: फारसी ‘मस्त’ आणि संस्कृत ‘मत्त’ हे एकाच जुन्या धातूपासून निघालेले आहेत, आणि दोन्हींचा अर्थ धुंद झालेला. मराठीत मस्त सुधारला, चांगला झाला. मस्त जेवण, मस्त हवा. मस्ती मात्र वयाप्रमाणे अर्थ बदलते. लहान मुलाने केली तर ती खोडी, तिशीतल्या माणसाला ‘आली’ तर ती गुर्मी. ‘मस्ती करतोय’ आणि ‘मस्ती आलीय’ यांतला फरक केवळ क्रियापदाचा आहे, पण तो चुकला तर मारामारी होईल.

‘शेखी’ आणि ‘प्रौढी’ ही जोडी मला फार आवडते. शेख म्हणजे अरबीत वडीलधारा, म्हातारा, मान्यवर. त्याच्यासारखा आव आणणं ती शेखी. प्रौढ म्हणजे संस्कृतात पूर्ण वाढलेला, पक्व. तसा आव आणणं ती प्रौढी. दोन अगदी वेगळ्या घराण्यांतल्या भाषांनी एकाच ठिकाणाहून सुरुवात केली: वय वाढलेल्या माणसाला आपोआप मान मिळतो, तो मान वय न वाढता मिळवायचा प्रयत्न. आणि मराठीने दोघांना क्रियापदही एकच दिलं, मिरवणे. शेखी मिरवतात, प्रौढी मिरवतात, तोरा मिरवतात, टेंभा मिरवतात. टेंभा म्हणजे मशाल. मिरवण्याला रस्ता लागतो आणि बघणारे लागतात. बढाईला कान पुरतात, म्हणून ती ‘मारतात’.

चांगल्या शब्दांची अशी अधोगती मराठीत इतकी झाली आहे की संशय यावा. ‘आढ्य’ म्हणजे संस्कृतात श्रीमंत. ‘धनाढ्य’मध्ये तो अर्थ अजून आहे. पण ‘आढ्यता’ म्हणजे मराठीत श्रीमंती नाही, घमेंड. हा प्रवास बराच जुना असावा. गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी वृत्तीचा माणूस म्हणतो, ‘आढ्योऽभिजनवानस्मि कोऽन्योऽस्ति सदृशो मया’. मी श्रीमंत आहे, कुलीन आहे, माझ्यासारखा दुसरा आहे कोण? इथे आढ्य म्हणजे अजून श्रीमंतच, पण तो शब्द ज्याच्या तोंडी आहे त्याच्यामुळे पुढचं चित्र दिसू लागतं. त्याच अध्यायात दोन श्लोकांनंतर अशा लोकांना ‘स्तब्ध’ म्हटलं आहे. आज आपण आश्चर्याने स्तब्ध होतो. तिथे स्तब्ध म्हणजे ताठर, न वाकणारे. मराठी ‘ताठा’ याच कल्पनेवर उभा आहे: वाकत नाही तो गर्विष्ठ.

‘शिष्ट’चं तर विशेषच आहे. शास्त्र, शासन, शिष्य यांच्या धातूपासून आलेला हा शब्द. अर्थ शिकलेला, वळण लागलेला. शिष्टाचार आणि शिष्टमंडळ या सरकारी जोडशब्दांत तो अजून इस्त्रीच्या कपड्यांत वावरतो. पण ‘ती फार शिष्ट आहे’ म्हटलं की अर्थ होतो, कुणाशी बोलत नाही, स्वतःला काहीतरी समजते. चांगलं वळण दिसलं की त्यात आपल्याविषयीची तुच्छता शोधायची, ही बोलणाऱ्याची खोड या शब्दात गोठून राहिली आहे. कित्येकदा ‘शिष्ट’ ठरवलेली व्यक्ती फक्त बुजरी असते.

उलट दिशेचा प्रवासही आहे, तो ‘दिमाख’चा. मूळ अरबी दिमाग़, म्हणजे मेंदू. फारसीत त्याला घमेंडीचा अर्थ चिकटला, मराठीत तो ‘दिमाख’ होऊन आला तेव्हा तोऱ्याचा वास होताच. आज ‘दिमाखदार सोहळा’, ‘किल्ला दिमाखात उभा आहे’ असं आपण कौतुकाने म्हणतो. ‘रुबाब’ही थोडाफार असाच. मूळ अरबी शब्दाचा अर्थ दहशत, धाक. मराठीत रुआब आणि रुबाब अशी दोन्ही रूपं चालतात. (तंतुवाद्याचं नाव रबाब, त्याचा याच्याशी संबंध नाही.) ‘माणूस रुबाबदार आहे’ ही स्तुती आहे, ‘रुबाब झाडू नकोस’ ही तंबी. मिजासीला असं प्रमोशन मिळालं नाही. ‘मिजासदार सोहळा’ कुणी आयोजित करत नाही.

‘मग्रूर’चा मूळ अर्थ ‘फसलेला, भुललेला’ असा आहे, एवढंच सांगतो. अरबीत ग़ुरूर म्हणजे भुलावण. आणि ‘दर्प’ संस्कृतात गर्व होता, मराठीत मुख्यतः उग्र वास होऊन राहिला. आरशाला दर्पण म्हणतात ते याच धातूवरून.

या शब्दांभोवतीची क्रियापदं नीट पाहिली तर मराठी माणूस गर्वाकडे कसा पाहतो ते कळतं. माज चढतो, जसा ताप चढतो किंवा दारू चढते. मिजास उतरवतात, गुर्मी उतरवतात, नक्षा उतरवतात. जे चढलं ते उतरणारच, किंवा कुणीतरी उतरवणार, असा विश्वास त्यात आहे. ताठा मोडतात, कारण जे वाकत नाही त्याला तेवढा एकच मार्ग उरतो. आणि मग ‘जिरवणे’. मस्ती जिरवतात, रग जिरवतात. पुष्कळदा कर्म सांगायचीही गरज पडत नाही: ‘चांगली जिरली त्याची!’ काय जिरलं हे दोघांनाही माहीत असतं. पाणी जमिनीत जिरतं, अन्न पोटात जिरतं. वर दिसेनासं होतं पण आत कुठेतरी असतं. गर्व नाहीसा होत नाही, फक्त खाली जातो, हे बोलीभाषेने कुठल्याही मानसशास्त्राशिवाय ओळखलं.

गर्व आणि अभिमान यांच्याबाबत एक सूचना, कारण इथे हल्ली फार घोटाळा होतो. मराठीत अभिमान चांगला, गर्व वाईट. हिंदीत साधारण उलटं: तिथे ‘गर्व’ छातीठोकपणे सांगतात आणि ‘अभिमान’ म्हणजे बहुधा घमेंड. संस्कृतातही अभिमान निर्दोष नव्हता. गीतेने तो दंभ आणि दर्प यांच्या रांगेत बसवला आहे. मराठीने त्याला वर काढलं आणि दोष दाखवायचा तर ‘दुरभिमान’ असा वेगळा शब्द ठेवला. त्यामुळे ‘मला माझ्या मुलीचा गर्व आहे’ हे वाक्य हिंदीतून जसंच्या तसं उचललेलं आहे आणि मराठी कानाला ते कबुलीजबाबासारखं लागतं. मुलीचा अभिमान वाटतो, एवढं म्हटलं की पुरतं.

परत मिजासीकडे, कारण तिच्याबद्दलची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अजून राहिली आहे. हा शब्द जितका ज्याच्याबद्दल बोललं जातं त्याच्याविषयी सांगतो, तितकाच बोलणाऱ्याविषयीही. स्वतःबद्दल तो कुणी वापरत नाही. ‘मला अभिमान आहे’, ‘मला थोडा अहंकार आहे, मान्य’ असं माणसं म्हणतात. ‘मला मिजास आहे’ हे फक्त थट्टेत. मिजास नेहमी दुसऱ्याची, आणि ती आहे हे ठरवणारा आपण.

मग हे ठरवतो कोण? दोन वाक्यं शेजारी ठेवू. ‘साहेबांची मिजास काही औरच, सही हवी असेल तर तीन चकरा मारा.’ आणि, ‘कामाला येणाऱ्यांची मिजास वाढलीय हल्ली, सुट्टी सांगून घेतात.’ पहिल्या वाक्यात खालचा माणूस वरच्याबद्दल बोलतोय आणि त्याची तक्रार खरी आहे. दुसऱ्याची मर्जी त्याला खरोखरच सांभाळावी लागते. दुसऱ्या वाक्यात वरचा खालच्याबद्दल बोलतोय. सुट्टी सांगून घेणं हे साधं वागणं आहे. बोलणाऱ्याला खटकलंय ते इतकंच की ज्याची मर्जी विचारायची सवय नव्हती, त्याचीही मर्जी आहे असं दिसून आलं. दोन्हीकडे शब्द एकच. दुसऱ्या वाक्यात मिजास आहे, पण ती बोलणाऱ्याची आहे.

हे सगळ्याच शब्दांबाबत थोडंफार होतं. बलवानाच्या ताठ्याला करारीपणा म्हणायची पद्धत आहे, दुर्बळाने मान वर केली की त्याला माज म्हणतात. ठाम बोलणारा पुरुष स्पष्टवक्ता आणि तशीच बोलणारी बाई मिजासखोर, हेही ऐकून ऐकून सवयीचं झालं आहे. त्यामुळे कुणी कुणाला मिजासखोर म्हटलं की मी आधी बघतो, दोघांपैकी कुणाच्या हातात काय आहे. ज्याला थांबवून ठेवायची ताकदच नाही, त्याची मिजास म्हणजे बहुतेकदा नुसता नकार असतो. मिजासीला टेकू लागतो: खुर्ची, पैसा, रूप, ओळखी, निदान हातातली किल्ली. टेकू गेला की ती दुसऱ्या दिवशी दिसत नाही. निवृत्त माणसात अहंकार भरपूर सापडेल, पण मिजास दाखवायला त्याला घरचीच माणसं उरतात.

स्वाभिमान आणि मिजास यांची गल्लत करणारे भेटतात, पण ती सोडवणं अवघड नाही. स्वाभिमानी माणूस म्हणतो, ‘मला असं वागवू नका.’ मिजासखोर म्हणतो, ‘मला असंच वागवा.’ पहिला स्वतःपुरती रेघ आखतो. दुसऱ्याला समोरच्याकडून सेवा हवी असते.

प्रेमाचा वापरही आहे, तो विसरायला नको. दूध पुढ्यात ठेवूनही तोंड फिरवणाऱ्या मांजराबद्दल, तीनच जणांच्या कडेवर जाणाऱ्या बाळाबद्दल ‘काय मिजास आहे!’ हे कौतुकानेच म्हटलेलं असतं. तिथे आपणहून कुणाची तरी मर्जी राखायला आपण तयार असतो, म्हणून शब्दाची धार जाते. नव्या नवरीला किंवा आजारातून उठलेल्या माणसाला ‘चार दिवस मिजास करून घे’ म्हणतात, तेव्हाही भाव हाच. बरोबरीच्या माणसाला मात्र हे हसत म्हटलं तरी जपून म्हणावं.

लिहिताना कुठे वापरावा? बातमीच्या मथळ्यात तो चालतो आणि चावतोही. तक्रारअर्जात, नोटिशीत, अहवालात वापरू नये, कारण तो घटना सांगत नाही, मत सांगतो. ‘संबंधित कर्मचाऱ्याने मिजास दाखवली’ या वाक्यावर चौकशी होऊ शकत नाही. कागद घ्यायला नकार दिला, एकेरी हाक मारली, तासभर उभं ठेवलं, हे लिहावं. फारच गरज असेल तर ‘उद्धट वर्तन’ हा शब्द आहे. औपचारिक लिखाणात तो रुळलेला आहे.

व्याकरण सोपं आहे. मिजास स्त्रीलिंगी: ती मिजास, त्याची मिजास. विभक्ती लागताना स चा श होतो, मूस – मुशीत आणि म्हैस – म्हशीला यांच्यासारखाच: मिजाशीत, मिजाशीने, मिजाशीला. ‘मिजासीत’ असंही लोक लिहितात, आणि वर मीही ‘मिजासीचा’, ‘मिजासीत’, ‘मिजासीला’ असंच लिहिलं आहे. बोलण्यात दोन्ही ऐकू येतात. असा वागणारा तो मिजासखोर किंवा मिजासी, आणि त्याच्या वागण्याला मिजासखोरी. अनेकवचन जवळजवळ कधीच लागत नाही. दहा जणांची असली तरी ती मिजासच राहते.